कोळी, विंचू, घोणी पेटीतून निसटू नयेत म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोळी, विंचू, घोणी (सेंटीपीड), वाणी (मिलिपीड), काडीकिडे पाळणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी पेटीबद्दलचे, मग झाकण उघडतानाचे, त्यानंतर वेगवेगळ्या प्राण्यांचे आणि शेवटी प्राणी निसटल्यावरचे. जे एका ठिकाणी सांगून झालं आहे ते पुन्हा सांगण्याऐवजी तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझा टॅरंट्युला (मोठा केसाळ कोळी) आठवडेच्या आठवडे एका जागी बसून असतो. तो खरंच पळेल का?

हो, पळू शकतो. जमिनीवर राहणाऱ्या जाती दिवसा ढिम्म हलत नाहीत, पण दिवे मालवले की बऱ्याचदा पेटीच्या कडेकडेने फिरतात आणि झाकणाच्या सांध्यावरून पुढचे पाय फिरवून चाचपणी करतात. एखादी फट पुरेशी मोठी असली, की पायामागोमाग सगळं शरीरही जातं.

एरवी शांत असलेला कोळी रोज रात्री काच चढायला लागला, तर आधी पेटीतलं वातावरण तपासा. माती फार ओली झाली आहे का, हवा कोंडली आहे का, हीटर एका बाजूला जास्त तापतोय का? नव्या पेटीत ठेवल्यावर पहिले काही दिवस फिरणं साहजिक आहे. मोठा नर असेल तर प्रश्न १२ पाहा.

२. किती मोठी फट चालते?

पायांचा घेर मोजून हे ठरवू नका, फसाल. कोळ्याचं पोट मऊ असतं, ते चपटं होऊन निघतं. पायही एकेक करून निघतात. अडतं ते फक्त डोक्या-छातीवरचं टणक कवच. म्हणून प्रत्येक भोक आणि प्रत्येक फट या कवचाच्या रुंदीपेक्षा स्पष्टपणे लहान हवी.

जिवंत कोळ्याचं कवच मोजायला त्याला हात लावायची गरज नाही. त्याने कात टाकली की ती काढून घ्या. कवचाचा भाग झाकणासारखा वेगळा उघडलेला असतो, त्याची रुंदी पट्टीवर मोजा. कात टाकल्यावर कोळी त्याहून मोठा झालेला असतो, म्हणजे या मापापेक्षा लहान भोक आता नक्कीच सुरक्षित. पायांसकट एक सेंटिमीटर भरणाऱ्या पिल्लाच्या डबीला मी एक मिलिमीटरपेक्षा मोठं भोक ठेवत नाही. अशी भोकं सुईने पडतात.

विंचू आणि घोण यांचा हिशोब वेगळा. ती मुळात चपटी जनावरं, दगडाच्या भेगेत राहणारी. त्यांच्या बाबतीत शरीराची जाडी पाहायची, रुंदी नाही. वरून दोन बोटं रुंद दिसणारा विंचू आडव्या फटीतून सहज सरकतो.

३. गुळगुळीत काचेवर कोण चढतं आणि कोण नाही?

टॅरंट्युला आणि उड्या मारणारे कोळी आरामात चढतात. त्यांच्या पायांच्या टोकाला अतिसूक्ष्म केसांचे झुबके असतात. केसांची टोकं काचेच्या इतकी जवळ जातात की रेणूंमधल्या आकर्षणावर ती चिकटून राहतात. तिथे गोंद नसतो आणि शोषणही नसतं, त्यामुळे काच कितीही पुसली तरी फरक पडत नाही. मादागास्करचं फुत्कारणारं झुरळही काच चढतं.

बहुतेक विंचवांना आणि खाद्य म्हणून वाढवल्या जाणाऱ्या दुबिया झुरळांना स्वच्छ काच जमत नाही. मोठ्या घोणीही तिच्यावरून घसरतात. पण मेख आहे ती 'स्वच्छ' या शब्दात. पेटीच्या कोपऱ्यात काचा जोडणारी सिलिकॉनची रेघ, पाणी फवारून उमटलेले क्षारांचे डाग, तिरकं टेकवलेलं लाकूड, थर्मामीटरची वायर यांतलं काहीही शिडीचं काम करतं. जाळी विणणारे जे कोळी काचेवर घसरतात, तेही आधी धागा ताणतात आणि त्यावरून वर येतात. त्यामुळे 'याला चढता येत नाही' म्हणून पेटी उघडी ठेवणं मला पटत नाही.

४. वरती जाळीचं झाकण असलेली पेटी मिळाली आहे. चालेल का?

टॅरंट्युलासाठी नको. त्याच्या पायाला बारीक नखं असतात, ती जाळीत अडकतात. कोळी उलटा लोंबकळतो, सुटायला धडपडतो, पाय तुटतो किंवा खाली पडून पोट फुटतं. शिवाय फायबरची आणि मऊ अ‍ॅल्युमिनियमची जाळी तो विषदंतांनी ओढून फाडू शकतो. जाळी काढा आणि तिथे भोकं पाडलेला अ‍ॅक्रिलिकचा तुकडा बसवा. जमिनीवरच्या जातींसाठी मातीपासून झाकणापर्यंतचं अंतरही पायांच्या घेराच्या दीडपटीपेक्षा जास्त ठेवू नका, म्हणजे पडला तरी निभावतं.

प्रार्थना कीटक आणि काडीकिडे यांचं नेमकं उलट. त्यांना कात टाकताना उलटं लटकायला जाळी लागतेच. फक्त तिची छिद्रं नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या मानाने निवडा.

५. हवेची भोकं पाडायची पद्धत?

प्राणी आत नसताना पाडा. अ‍ॅक्रिलिकला मागून लाकडाचा आधार द्या आणि ड्रिल हळू फिरवा, नाहीतर तडा जातो आणि तडा म्हणजे नवी फट. पातळ प्लास्टिकला तापवलेली सुई पुरते. वितळलेल्या प्लास्टिकचा वास पूर्ण जाईपर्यंत डबा उघडा ठेवायचा. समोरासमोरच्या दोन भिंतींवर भोकं असली की हवा खेळते. थोड्या मोठ्या भोकांपेक्षा पुष्कळ बारीक भोकं बरी.

६. समोरून सरकत्या काचा असलेली पेटी आहे. त्यात धोका कुठे असतो?

दोन काचा जिथे एकमेकींवर येतात, तिथली उभी फट. काचा सरकायला जागा हवी म्हणून ती ठेवलेलीच असते. पूर्ण वाढलेल्या टॅरंट्युलाला ती पुरत नाही. पिल्लू, घोण आणि रातकिडा यांच्यासाठी तो उघडा दरवाजा आहे. काचेच्या कडेवर बसणारी पारदर्शक सिलिकॉनची पट्टी लावली की फट बंद होते. काच आपोआप सरकू नये म्हणून वर कुलूप किंवा पाचर हवी.

फटी शोधायचा सोपा उपाय सांगतो. रिकाम्या पेटीत पेटता टॉर्च ठेवा, झाकण लावा, खोलीत पूर्ण अंधार करा आणि पेटीभोवती फिरून चारही बाजूंनी व खालून पाहा. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते तिथे खूण करा. मग जाड पुठ्ठ्याची पट्टी त्या खुणेवर सरकवून बघा. पट्टी आत गेली तर लहान प्राणीही बाहेर येईल. वायरसाठी ठेवलेलं भोक सगळ्यांच्या नजरेतून सुटतं, ते वायर घातल्यावर स्पंजने घट्ट बुजवा. काही प्राणी स्पंज कुरतडतात, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पाहायचं.

७. झाकणावर वजन ठेवलं तर पुरतं का?

नाही. घोण अर्धं शरीर मातीत रोवून पुढच्या भागाने झाकण वर रेटते. संन्यासी खेकडे आणि मोठ्या गोगलगायी यांच्यातही चांगलीच ताकद असते. शिवाय वजन एका टोकाला असलं की झाकण दुसऱ्या टोकाला किंचित उचललं जातं. चारही बाजूंनी खटके असलेलं झाकण घ्या. प्लास्टिकचं झाकण हीट मॅटजवळ काही महिन्यांत वाकतं, म्हणून मॅट झाकणापासून दूर, बाजूच्या भिंतीला बाहेरून लावावी. लहान मुलं किंवा मांजर असलेल्या घरात खटक्यावर कुलूप हवंच.

८. कडेला व्हॅसलिन लावलं तर प्राणी वर येत नाही म्हणतात. खरं का?

काही प्राण्यांसाठी खरं. झुरळांच्या डब्याच्या वरच्या कडेला आतून चार-पाच सेंटिमीटर रुंद व्हॅसलिनचा पातळ पट्टा लावला की ती मागे फिरतात. मुंग्या पाळणारे फ्लुऑन वापरतात. हे टेफ्लॉनचं पाण्यातलं द्रावण, वाळलं की पायाला पकड मिळत नाही. टाल्कम पावडर अल्कोहोलमध्ये कालवून लावली तरी मुंग्या अडतात.

मर्यादाही आहेत. व्हॅसलिनवर धूळ बसली की ते निकामी होतं आणि उष्णतेत ओघळतं. फ्लुऑन आणि टाल्क दमट पेटीत टिकत नाहीत. टॅरंट्युलाच्या पेटीत यांतलं काहीच लावू नका. त्याच्या पायांचे केस आणि पोटाखालच्या श्वासाच्या चिरा चिकट पदार्थाने माखल्या तर त्याला जीवघेणा त्रास होईल. गोगलगायीलाही नको. आणि जिथे चालतं तिथेही हे झाकणाच्या जोडीला, झाकणाऐवजी नाही.

९. पेटी पक्की आहे, पण झाकण उघडलं की तो बाहेर धावतो. काय करू?

माझ्या पाहण्यात निसटणं घडतं ते बहुतेक याच वेळी, फटीतून कमी. त्यामुळे या उत्तरावर सगळ्यात जास्त लक्ष द्या.

झाकणाला हात लावण्याआधी कोळी नेमका कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा. दिसत नसेल तर तो झाकणालाच आतून चिकटलेला आहे असं धरून चाला. झाकणाला जाळं लावून बसला असेल तर त्या दिवशी काम टाळा. पाणी घालायचं असेल तर बाजूच्या भोकातून सिरिंजने घालता येतं.

पेटी एका मोठ्या, उंच कडांच्या प्लास्टिकच्या टबमध्ये ठेवून मगच उघडा. कोळी बाहेर आला तरी टबमध्येच येतो आणि तुम्हाला दोन-चार सेकंद मिळतात. खोलीचं दार बंद, दाराखालच्या फटीत टॉवेल, पंखा बंद, सिंकचं भोक बुजवलेलं. हाताशी रुंद तोंडाचा पारदर्शक डबा आणि त्याच्या तोंडापेक्षा मोठा ताठ पुठ्ठा. हाताऐवजी लांब चिमटा आणि मऊ ब्रश. चिमटा उभा धरू नका, त्यावरून कोळी सरळ मनगटावर येतो. तोंड पेटीच्या वर न्यायचं नाही. तुमचा श्वास त्याच्या केसांना लागला की तो दचकतो.

आणि तरीही धावलाच, तर हात मागे घ्या आणि थांबा. कोळी फार वेळ धावू शकत नाही, एका झपाट्यात जातो आणि थबकतो. थबकला की वरून डबा ठेवा, खालून पुठ्ठा हळूहळू सरकवा, पाय आत घ्यायला त्याला वेळ द्या. घाबरून झाकण आपटणं हे सगळ्यात वाईट. तो अर्धा बाहेर असतानाच झाकण त्याच्यावर येतं.

१०. पेटी बदलायची आहे. सगळ्यात सुरक्षित पद्धत कोणती?

जुनी आणि नवी, दोन्ही पेट्या प्रश्न ९ मधल्या टबमध्ये ठेवा. कोळ्यावर पारदर्शक डबा ठेवायचा, पुठ्ठा सरकवायचा, तो डबा नव्या पेटीत नेऊन आडवा करायचा आणि झाकण शक्य तितकं लावून घ्यायचं. तो आपणहून बाहेर येईल, कधी दुसऱ्या दिवशी. बिळात राहणाऱ्या जातीचं बीळ वरून खणू नका, बाजूने हळूहळू माती काढत जा. पिसिलोथेरियासारख्या झाडावरच्या आणि वेगवान जातींना कॉर्कच्या पोकळ नळीत राहायची सवय लावली, तर दोन्ही तोंडं बंद करून नळीसकट हलवता येतं. कात टाकायच्या बेतात असलेल्या प्राण्याला हलवू नये.

११. उड्या मारणारा कोळी पाळलाय. झाकण उघडलं की त्याचं घर फाटतं आणि तो बाहेर येतो.

हा कोळी पेटीच्या सर्वांत वरच्या भागात रेशमी पिशवी विणून राहतो, म्हणून वरून उघडणारी पेटी त्याला चुकीचीच. समोरून, खालच्या भागात दार असलेली पेटी घ्या, किंवा वरचं झाकण तळाला येईल अशी पेटी उलटी वापरा. उडी मारण्याआधी तो आपला धागा चिकटवतो. हातावरून उडाला तर तो धागा उजेडात तिरका धरून बघा, दुसऱ्या टोकाला तो लटकलेला किंवा जवळच बसलेला सापडतो.

१२. माझा कोळी कात टाकल्यापासून रात्रभर चालतोय. पेटीत तर काहीच बदललं नाही.

तो बहुधा वयात आलेला नर आहे. तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं मुठीसारखी फुगलेली दिसतात. बऱ्याच जातींत पुढच्या पायांवर हुकासारखे आकडेही येतात. निसर्गात या वयाचा नर बीळ सोडून मादीच्या शोधात निघतो, आणि ही धडपड आता आयुष्यभर चालणार. पेटीच्या फटी पुन्हा एकदा तपासा (प्रश्न ६) आणि खटके पक्के करा.

१३. घोणीसाठी वेगळं काय करावं लागतं?

बरंच. उंच भिंत हवी. मातीपासून झाकणापर्यंतची उंची घोणीच्या लांबीच्या दीड ते दोनपट असली, तर सरळ उभी राहूनही ती कडेला पोचत नाही. आत उंच लाकूड ठेवलं की ही सगळी उंची वाया जाते. कोपऱ्यातल्या सिलिकॉनवरून ती चढते, त्यामुळे खटक्याचं झाकण हवंच. खायला घालताना तीस सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा चिमटा वापरा. घोण वेगाने पुढे येते, तशी झटकन मागेही सरकते. मोठ्या घोणीचा दंश अतिशय दुखतो, म्हणून तिच्या पेटीत हात घालू नये, माती उकरायलाही नाही.

१४. वाणी तर किती संथ. त्यांनाही झाकण हवं?

हवं. त्या शरीराच्या लांबीवर कोपऱ्यातून वर येतात आणि सैल झाकण ढकलतात. हातात घेतल्यावर निघणारा पिवळा द्रव त्वचेवर डाग पाडतो आणि डोळ्यांना झोंबतो. लगेच हात धुवा.

१५. प्राणी पेटीतच आहेत, तरी बाहेर पिल्लं दिसली. हे कसं?

अंड्यांतून. काडीकिड्यांची अंडी बियांसारखी दिसतात आणि विष्ठेत मिसळून कचऱ्यात जातात. भारतीय काडीकिड्याची मादी नराशिवायही अंडी घालते आणि ती उबतात, त्यामुळे 'एकटीच आहे' हा दिलासा कामाचा नाही. पेटीतून काढलेली माती, पानं आणि विष्ठा पिशवीत बांधून किमान दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मगच टाका. गोगलगायीच्या अंड्यांचंही असंच करायचं.

हे कशासाठी, ते अमेरिकेतल्या फ्लोरिडात दिसलं. १९६६ साली एका मुलाने तीन आफ्रिकन राक्षसी गोगलगायी तिथे आणल्या आणि त्या पुढे बागेत सोडल्या गेल्या. सात वर्षांत अठरा हजारांहून अधिक सापडल्या. त्या निपटायला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त खर्च आला.

प्रार्थना कीटकाच्या एका अंडकोषातून शंभराच्या वर पिल्लं एकदम बाहेर पडू शकतात. कोळ्याच्या अंडपिशवीतून तर शेकडो. पिशवी दिसली की भोकांवर आतून बारीक विणीचं कापड चिकटवा. पिल्लं बाहेर येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असेल.

१६. खाद्य म्हणून आणलेले रातकिडे आणि झुरळंच जास्त पळतात. काही उपाय?

मोजून घाला आणि उरलेले दुसऱ्या दिवशी काढून घ्या. कात टाकणाऱ्या कोळ्याला रातकिडे कुरतडतात, हे त्यामागचं आणखी मोठं कारण. रातकिड्यांच्या डब्याला स्टीलची जाळी लावा, प्लास्टिकची ते चावून फोडतात. झुरळं चढून निसटू नयेत म्हणून गुळगुळीत भिंत न चढणारी जात निवडा. झुरळांच्या डब्याची कड कशी राखायची ते प्रश्न ८ मध्ये आहे.

१७. पेटी रिकामी दिसतेय! आता?

आधी पेटीच पूर्ण तपासा. बिळात, पाण्याच्या भांड्याखाली, झाकणाच्या आतल्या बाजूला, लाकडाच्या पोकळीत. हरवला म्हणून घर उलटंपालटं केलेला कोळी पेटीतल्याच मातीखाली कात टाकत बसलेला असू शकतो.

खरंच नसेल तर त्या खोलीचं दार बंद करा, दाराखाली टॉवेल लावा, इतर पाळीव प्राणी बाहेर काढा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. लपवून ठेवू नका, नकळत कुणाचा तरी पाय पडेल. शोध पेटीपासून सुरू करून बाहेरच्या दिशेने न्या. जमिनीवरची जात असेल तर भिंतीच्या कडेने, कपाटामागे, बुटांत, जमिनीवर पडलेल्या कपड्यांत. झाडावरची असेल तर पडद्याच्या घड्यांत, छताच्या कोपऱ्यात, फ्रेममागे. फर्निचर ओढू नका, उचला. व्हॅक्यूम वापरू नका.

सापडला नाही तर रात्री पुन्हा शोधा. भिंतीलगत ओल्या कोकोपीटचा आडवा डबा आणि पाण्याचं उथळ भांडं ठेवा. कोरड्या घरात तो ओल शोधत येतो. दिवे मालवून अर्ध्या-एक तासाने टॉर्च डोळ्याजवळ धरून जमिनीलगत फिरवा. लांडगा-कोळ्यांचे डोळे यात लखलखतात.

१८. विंचू निसटलाय. त्याला शोधायचा वेगळा मार्ग आहे का?

आहे, आणि खूप सोपा. विंचवाची त्वचा अतिनील प्रकाशात निळसर हिरवी चमकते. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या, खोलीत गडद अंधार करा आणि कडेकडेने फिरवा. काही मीटरवरूनही तो ठळक दिसतो. अपवाद एकच, नुकतीच कात टाकलेला विंचू. त्याची नवी त्वचा कडक होईपर्यंत चमकत नाही. अंधारात अनवाणी फिरू नका.

१९. किती दिवस तो बाहेर जगू शकतो?

मोठा टॅरंट्युला अन्नाविना महिने काढतो, त्याला आधी संपवते ती कोरडी हवा. पिल्लं आणि वाणी त्याहून लवकर सुकतात. म्हणूनच प्रश्न १७ मधलं पाण्याचं भांडं पहिल्याच रात्री ठेवा.

२०. घरात कुत्रा किंवा लहान मूल असेल तर कितपत धोका?

जात पाहून ठरतं. अमेरिका खंडातले बरेच टॅरंट्युला पोटावरचे खाजरे केस झटकतात. ते डोळ्यांत गेले तर गंभीर इजा होते, म्हणून त्यांना पकडताना चष्मा आणि हातमोजे हवेत. आशिया-आफ्रिकेतल्या जातींना असे केस नसतात, पण विष जास्त जालीम असतं. पिसिलोथेरियाच्या दंशाने स्नायूंत तीव्र पेटके येतात. ऑस्ट्रेलियातल्या टॅरंट्युलाच्या दंशाने कुत्रे दगावले आहेत. दंश झाला तर प्राण्याचं शास्त्रीय नाव लिहिलेला कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. ते नाव पेटीवर कायम चिकटवलेलं असू द्या.

२१. सांभाळणं जमत नाही. बागेत सोडून दिला तर?

नाही. बाहेरून आणलेला प्राणी एकतर हवामानाने मरतो, नाहीतर गोगलगायींसारखा पसरतो (प्रश्न १५). अनेक ठिकाणी असं सोडणं बेकायदाही आहे. दुसऱ्या अनुभवी पाळणाऱ्याकडे द्या. ब्राकिपेल्मा आणि पिसिलोथेरिया या टॅरंट्युलांच्या गटांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) खाली नियंत्रित आहे, त्यांची कागदपत्रं प्राण्यासोबतच द्यायची.

२२. सापडला, पण जखमी आहे. परत पेटीत ठेवू का?

पाय तुटला असेल आणि द्रव वाहत नसेल तर काळजीचं कारण नाही, पुढच्या काही कातींत पाय पुन्हा येतो. वयात आलेला नर सहसा पुन्हा कात टाकत नाही, त्याचा येणार नाही. पोटातून फिकट निळसर द्रव गळत असेल तर टोकदार ब्रशने त्या जागेवर कॉर्नफ्लोअर टेकवा, गळणं थांबेपर्यंत. श्वासाच्या चिरांवर पडू देऊ नका. धुळीचे आणि केसांचे गुंते पायांत अडकले असतील तर ओल्या ब्रशने सोडवा. मग ओला कापूस ठेवलेल्या, खटक्याच्या छोट्या डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवा. पहिले काही दिवस खायला नको, पाणी मात्र असू द्या. तो कुठून बाहेर पडला ते टॉर्च लावून नक्की होईपर्यंत त्याला जुन्या पेटीत नेऊ नका.